काबारची कोरी ओळ

कल्पना कर, तुझ्याजवळ एकच निरोप आहे आणि तो घेऊन जायला तिघे जण उभे आहेत. एक म्हातारा, एक माझ्या वयाचा आणि एक तुझ्याहून जरासा मोठा. तिघांच्या कानात तू तेच शब्द घातलेस : 'गल्लीच्या सुरुवातीपासून सातव्या घरापर्यंत जा. दारात कोण उभं आहे ते मला येऊन सांग.' तिघे जातात, तिघे परत येतात. दोघांनी सात नावं आणली आहेत. म्हाताऱ्याने आठ.

खोटं कोणीच बोललेलं नाही. मग तू कोणाचं खरं धरशील? लगेच उत्तर देऊ नकोस. वर्गातसुद्धा लगेच हात वर करणाऱ्याला मी आधी खाली बसवत असे.

आमच्या, किरगिझ डोंगरातल्या चोलोक-काइंगच्या शाळेत असे तीन निरोपे होते. ती यंत्रं होती. पहिलं मॉस्कोचं राज्य होतं तेव्हा आलेलं, राखाडी आणि जड. त्याला पडदा म्हणून टीव्ही जोडावा लागे, आणि त्याची सगळी आठवण कॅसेटमध्ये साठवलेली असे. दुसरा, शहरातल्या कुठल्याशा कचेरीने टाकून दिलेला, त्यामानाने नवा संगणक. आणि तिसरे निरोपे म्हणजे मुलांच्या खिशातले फोन. या तिन्ही यंत्रांना एक भाषा कळत असे. तिचं नाव काबार. आमच्याकडे खबरीला काबार म्हणतात.

ही भाषा बनवली केरिमकुल आगायांनी. मास्तरांना आम्ही आगाय म्हणतो. ते मला गणित शिकवायचे, आणि पुढे मी त्यांच्याच शाळेत मास्तर झालो. यंत्राला हुकूम द्यायचा तर परक्या भाषेत का द्यायचा, असं त्यांना वाटे. म्हणून त्यांनी जुन्या यंत्राला बारा किरगिझ शब्द शिकवले. घे, सांग, थांब, पुढचं, असे. मुलांनी त्या शब्दांत चार ओळी लिहिल्या की यंत्र तसं वागायचं. त्यांच्यामागे तीच भाषा मी नव्या संगणकाला शिकवली, आणि माझ्या एका विद्यार्थ्याने माझं पाहून फोनला शिकवली. भाषा एकच, पण प्रत्येक यंत्राला ती कोणीतरी बसून नव्याने शिकवावी लागते. आणि जो शिकवतो त्याच्या सवयी तिच्यात उतरतात, जशा एकाच कणकेत प्रत्येक घरच्या हाताच्या उतरतात.

केरिमकुल आगायांनी आणखी एक काम केलं. घोड्यावर बसून ते दोन्ही खोऱ्यांतल्या म्हाताऱ्यांकडे गेले आणि घराघरातल्या माणसांचे सात बाप त्यांनी लिहून आणले. बाप, त्याचा बाप, त्याचा बाप, असे सात. ज्याला सात बापांची नावं येत नाहीत त्याला आमच्यात माणूस म्हणत नाहीत. आणि ज्या मुलामुलीचे सात बाप कुठेही एकमेकांना भेटतात, त्यांचं लग्न होत नाही. आगायांनी ही सगळी नावं कॅसेटमध्ये घातली. एक्याण्णवच्या वसंतात ते गेले. तेव्हापासून गावात रीतच पडली. मुलीच्या कानात सासरची कर्णफुलं घालण्याआधी दोघांचे सात बाप काबारमधून काढायचे, तो कागद दस्तरखानावर, म्हणजे जेवायला अंथरलेल्या कापडावर, रोटीखाली ठेवायचा, आणि मुलीच्या धाकट्या भावंडाने तो सगळ्यांसमोर वाचायचा. मग चहा, मग कर्णफुलं.

आता बुरुलकडे येतो. अकरा वर्षांची मुलगी. बुरुल म्हणजे 'वळ'. ज्या घरात मुलीच होतात तिथे असं नाव ठेवतात, म्हणजे नशीब मुलाकडे वळेल. नशीब काही वळलं नाही, बुरुलनंतर त्या घरात पाळणाच हलला नाही. बाप रशियात बांधकामावर, घरात आई, वीस वर्षांची मोठी बहीण साल्तानात, आणि आजोबा असानाली. बुरुल त्यांना चोंगाता म्हणायची. असानालींना दोन मुलगे होते. धाकटा म्हणजे बुरुलचा बाप. थोरला तालाय. पंच्याऐंशी साली सैन्यात असताना तालाय अफगाण डोंगरात मारला गेला. जस्ताच्या बंद पेटीत घरी आला. पेटी उघडायला मनाई होती, त्यामुळे बापाने शेवटचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. तालायचं लग्न झालेलं नव्हतं. 'त्याचा धूर विझला' असं असानाली म्हणत, म्हणजे त्याच्यामागे कोणी उरलं नाही.

त्या हिवाळ्यात साल्तानातचं लग्न ठरलं, खिंडीपलीकडच्या कुबातशी. कुबात तेवीस वर्षांचा. तो केरिमकुल आगायांची बहीण झुराकान, तिचा एकुलता एक मुलगा. पोरगा मोटार दुरुस्तीच्या दुकानात काम करी, कमी बोले, आणि बुरुलला 'कोतवालीण' म्हणे, कारण तो साल्तानातला फोन करी तेव्हा ती कायम मध्ये बसलेली असे. साल्तानात तर त्या दिवसांत भांडी घासतानासुद्धा गुणगुणायची. सारं गाव खूश होतं. आगायांच्याच बहिणीच्या घरी आपली मुलगी जाते, याहून चांगलं काय.

कर्णफुलांच्या आदल्या आठवड्यात बुरुलने शाळेत येऊन नव्या संगणकावर दोघांचे सात बाप काढले. पडद्यावर सात आणि सात नावं आली. एकही नाव जुळलं नाही. तिने तेच फोनवर करून पाहिलं. तेच उत्तर. नव्या संगणकाच्या छापणीयंत्रातली शाई संपून वर्ष झालं होतं, म्हणून मी नावं हाताने लिहून दिली. दुसऱ्या दिवशी बुरुल कागद घेऊन परत आली. चोंगातांना अक्षर दिसत नसे, पण तो हाताने लिहिलाय हे तिच्याकडून कळताच त्यांनी तो नाकारला होता. हाताने काय, मीसुद्धा लिहीन की माझा सातवा बाप खान होता, असं म्हणाले होते. त्यांना केरिमकुलच्या यंत्राचा छापील कागदच हवा होता.

म्हणून गुरुवारी, कर्णफुलांच्याच दिवशी, आम्ही जुनं यंत्र, त्याच्या शाईच्या फितीवर चालणाऱ्या छापणीयंत्रासकट, झाकणाखालून बाहेर काढलं.

त्या वर्षी वीज दिवसातून चार तास येई. अकरा ते तीन. बाहेर लख्ख ऊन, बर्फावरून येणारा उजेड डोळ्यांत टोचत होता. भूगोलाच्या खोलीच्या खिडक्या हिवाळ्यासाठी कागदाच्या पट्ट्या लावून बंद केलेल्या. यंत्र सुरू केल्यावर खोलीत बारीक गुणगुण भरली. मी कॅसेट घातली.

इथे मला एक कबूल करायला हवं. तीन वर्षांपूर्वी या सगळ्या कॅसेट मी तारेने नव्या संगणकात उतरवल्या होत्या, पण नेहमीप्रमाणे आवाज बंद ठेवून. कॅसेटमधली माहिती म्हणजे नुसती किंकाळी असते, कान किटतात. या वेळी बुरुलने आवाजाची कळ फिरवली, कारण तिला ती किंकाळी ऐकायची होती.

किंकाळीच्या आधी माणसाचा आवाज आला.

"सव्वीस. असानालीचं घर."

केरिमकुल आगायांचा आवाज. सतरा-अठरा वर्षांत मी तो ऐकला नव्हता. जरा सर्दी झालेला, शब्दाच्या शेवटी श्वास सोडणारा. प्रत्येक घराच्या माहितीआधी त्यांनी आकडा आणि नाव बोलून ठेवलं होतं, म्हणजे कॅसेट शोधायला सोपं जावं. बुरुलने विचारलं, हे कोण. मी सांगितलं. मग तिने विचारलं की गुरुवारी आपण तेल तापवतो त्याचा वास मेलेल्यांना पोचतो, तर टेपमधल्यांनापण पोचतो का. त्यांच्या घरी त्या सकाळीच तालायच्या नावाने सात रोट्या तळून झाल्या होत्या. तिच्या लोकरी कोटाला तो वास होताच. बंद खोलीत तो आता जास्तच येऊ लागला होता. मी म्हटलं, मला माहीत नाही. मला माहीत नसतं तेव्हा मी तसं सांगतो.

बुरुलने हुकूम टंकला. ते 'सात बाप' नावाचं लिखाण आमच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ होतं :

सुरुवातीपासून सातपर्यंत
पुढचं नाव घे
सांग

छापणीयंत्र खडखडलं. आधी कागद एक ओळ कोराच वर सरकला, मग सात नावं आली. असानालीच्या घरची. बरोबर. जुन्या यंत्राच्या कागदावर वरची एक ओळ कायम कोरी असे. आम्ही सगळेच समजत होतो की कागद पुढे घेण्याची त्या यंत्राची ती खोड आहे. वीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

मग कुबातची कॅसेट लावली.

"एकेचाळीस. झुराकानचं घर." एवढं बोलून आगाय थांबले. इतर वेळी इथे किंकाळी सुरू होई. इथे नुसता श्वास ऐकू येत राहिला. लांबून कुठेतरी घोडा फुरफुरला. मग आगाय म्हणाले, "सुरुवातीपासून वाचा." आणि किंकाळी.

बुरुल माझ्याकडे बघायला लागली. आम्ही तर नेहमी सुरुवातीपासूनच वाचत होतो.

छापणीयंत्र खडखडलं. पहिली ओळ कोरी आली नाही.

'असानालीचा तालाय.'

त्याखाली कुबातचे सात बाप, नव्या संगणकावर आलेले, तसेच, त्याच क्रमाने.

बुरुलने ते मोठ्याने वाचलं नाही. ओठ हलवून वाचलं, आणि मग हात कोटात घातले. "आगाय, हे चोंगातांचं नाव आहे. आणि तालाय काकांचं."

मी तिला पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा तेच आलं. मग तिच्या घरचं पुन्हा काढलं. वर कोरं. माझ्या घरचं काढलं. कोरं. एकामागून एक अशी अकरा घरं काढली, त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या आधी तो मेलेला माणूस सर्दी झालेल्या आवाजात आकडा सांगत होता, आणि अकराही कागदांवर वरची ओळ कोरी होती. फक्त एकेचाळीस क्रमांकाची भरलेली.

मग माझ्या लक्षात आलं. तूही माझ्याबरोबर हात पुढे कर. बोटं मोज. तू अंगठ्यापासून एक म्हणतेस किंवा म्हणतोस, हो ना? मीही तसाच मोजतो. पण एकही बोट उघडण्याआधी तुझ्या हाताची काय होती? मूठ. बंद मूठ, तीही हाताची एक स्थिती आहे. केरिमकुल आगायांचं यंत्र मुठीपासून मोजायचं. त्या जुन्या यंत्राची मोजणीच शून्याच्या घरापासून सुरू होई. मी नव्या संगणकाला काबार शिकवलं तेव्हा अंगठ्यापासून सुरुवात केली, कारण मला तेच सरळ वाटलं. 'सुरुवात' या शब्दाचा त्यांच्या यंत्राने एक अर्थ घेतला, माझ्या यंत्राने दुसरा, आणि फोनने माझीच री ओढली. शून्याचं घर बाकी सगळ्यांचं रिकामं होतं, म्हणून चूक कोणाच्या नजरेला आली नाही. एका घरात मात्र आगायांनी कोणालातरी ठेवलं होतं.

बुरुलने विचारलं, मग फोनमध्ये ते नाव नाहीच का. मी तिचा फोन घेतला आणि काबारमध्ये दोनच ओळी लिहिल्या. शून्यावं नाव घे. सांग. झुराकानचं घर.

'असानालीचा तालाय', फोनने दाखवलं.

म्हणजे तो होताच. तीन वर्षं नव्या संगणकात होता. शाळेत जाणाऱ्या, फुटबॉल खेळणाऱ्या, घोडी पाणवठ्यावर नेणाऱ्या निम्म्या गावाच्या खिशात तो होता. आम्ही सगळे त्याच्या दारावरून रोज जात होतो आणि पुढच्या दारापासून मोजत होतो. बुरुलने फोन टेबलावर पालथा ठेवला, आणि दोन बोटांनी आपल्यापासून लांब सरकवला.

तुला वाटेल, नाव लिहिलं म्हणून काय झालं. यंत्रात काहीही लिहिता येतं. मलाही आधी तसंच वाटलं. पण मग मला शहाऐंशीच्या मार्चची आठवण झाली. मी तेव्हा नववीत होतो. आगाय चार दिवस न सांगता शाळेतून गायब झाले होते, आणि परत आले तेव्हा थंडीने त्यांचे दोन्ही कान काळे पडले होते. खिंड बंद असताना ते घोड्यावरून पलीकडे गेले होते. एवढं काय काम होतं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्याच महिन्यात त्यांच्या बहिणीला, लग्नाला नऊ वर्षं होऊन मूल नसलेल्या झुराकानला, मुलगा झाल्याची खबर आली. मूल नसलेल्या नातेवाइकाला मूल देणं आमच्यात नवं नाही. ते मूल कुठून आलं हे विचारत नाहीत, आणि मुलाला तर कधीच सांगत नाहीत. आई कोण, हे मला आजही माहीत नाही. त्या वसंतात आमच्या गावातल्या शिवणशाळेतली एक मुलगी तापाने गेली होती. आदल्या उन्हाळ्यात, तालाय सैन्यात जायच्या आधी, ती त्याच्याबरोबर हसताना मी पाहिली होती. त्यापुढे मी काही म्हणणार नाही.

पण कुबात जर तालायचा, तर साल्तानात त्याची सख्खी चुलत बहीण. सात बाप लांब राहिले, दोघांचा आजोबाच एक.

आणि मग मी एक गोष्ट बोललो, जी मास्तराने बोलायची नसते. मी म्हणालो, "बुरुल, वरची ओळ कापून टाकता येईल. कात्री आहे माझ्याकडे."

तिने मला लगेच उत्तर दिलं नाही. मीच तिला तसं शिकवलं होतं. ती खिडकीपाशी गेली. तिथून त्यांच्या घराचं धुराडं दिसायचं, आणि आता तिथून दाट धूर निघत होता, कारण आत पाहुण्यांसाठी कढई चढली होती. साल्तानातने त्या दिवशी नवा निळा रुमाल बांधला होता. सकाळी शाळेत निघताना तिने बुरुलला दम दिला होता की सासूसमोर अडखळलीस तर तुझी वेणी कापून घोड्याच्या शेपटीला बांधीन. बुरुलने तो सगळा दम मला येताना तिच्याच आवाजात करून दाखवला होता.

"एजे म्हणते, तिला त्याच्याशिवाय कोणी नको," बुरुल म्हणाली. एजे म्हणजे ताई. मग म्हणाली, "आगाय, हा कागद कोणाचा आहे?"

मी म्हटलं, तुझ्या चोंगातांनी मागवलाय.

"तसं नाही. आतलं जे आहे ते कोणाचं?"

तिने कागद घडी न घालता, गुंडाळी करून बाहीत घातला. माझ्या हाताने लिहिलेला जुना कागद, सात आणि सात नावांचा, तिच्या दुसऱ्या खिशात होताच. आम्ही निघालो तेव्हा तीन वाजायला आले होते. दाराबाहेर पडताना वीज गेली आणि यंत्राची गुणगुण थांबली. ती थांबल्यावरच कळलं की इतका वेळ किती मोठी होती.

वाटेत मी तिला म्हटलं की तुला वाचायचं नसेल तर मी वाचीन, मी मोठा आहे. तिने मान हलवली. लहानानेच वाचायची रीत आहे, आणि रीत मोडलेली पाहुण्यांना लगेच दिसते, असं ती म्हणाली. तिचं खरं होतं. पण बाहीतला कागद वाचणार की खिशातला, हे तिने सांगितलं नाही, आणि मी विचारायची हिंमत केली नाही.

अंगणात कुबातची मोटार उभी होती. तो एकटाच बाहेर होता, आईला आणून सोडलं होतं आणि आता काचेवरचं बर्फ खरवडत होता. नवऱ्या मुलाने आज आत यायचं नसतं. बुरुलला पाहून त्याने हातातली खरवडायची पट्टी सलाम ठोकल्यासारखी कपाळाला लावली. "काय कोतवालीण, झाली का चौकशी? पास की नापास?" एरवी तिने त्याला पुरतं फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी ती थांबून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, इतका वेळ, की त्याने ओशाळून हनुवटी पुसली.

आत दस्तरखान पसरला होता. मधोमध बोर्सोकांचा, म्हणजे कणकेच्या तळलेल्या तुकड्यांचा, ढीग, रोट्या, मनुका, लोणी. असानाली वरच्या मानाच्या जागी, उजवीकडे झुराकान आणि तिच्या दोन जावा, दारापाशी साल्तानात चहा ओतायला. झुराकान साठीची, भावासारखीच शब्दाच्या शेवटी श्वास सोडणारी. तिच्यासमोर छोटी डबी उघडून ठेवली होती. आत चांदीची कर्णफुलं. मी दाराजवळ टेकलो. असानालींनी बुरुलला हाक मारली.

"ये गं शिंगरा. दाखव यांना, आमच्याकडची मुलगीसुद्धा सात बाप कसे खडखडीत वाचते." आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाले की केरिमकुलने आयुष्यभर दुसऱ्यांच्या बापांची नावं लिहिली, आज त्याच्याच भाच्याची वाचली जातील, त्याचा जीव तिकडे थंड होईल.

बुरुल दस्तरखानाशी गुडघ्यांवर बसली. तिने बाहीतून कागद काढला. मी माझ्या हातांकडे बघितलं, ते मी गुडघ्यांखाली दाबून धरले होते. तिने कागद उघडून रोटीच्या ताटलीखाली एक कोपरा अडकवला, तोंड उघडलं, आणि मिटलं. मग कागद ताटलीखालून पुन्हा ओढून काढला आणि गुडघ्यांवरच सरकत झुराकानपर्यंत गेली.

"आपा," ती हळू आवाजात म्हणाली, "हे आधी तुम्ही वाचायचं आहे."

जावा हसल्या. मुलगी लाजली, असं त्यांना वाटलं. झुराकानने डोळ्यांपासून लांब धरून कागद वाचला. पहिल्या ओळीवर तिची नजर थांबली, आणि खाली गेलीच नाही. तिचा हात खाली आला. तिने असानालींकडे पाहिलं, मग खिडकीतून अंगणाकडे, मग पुन्हा असानालींकडे. खोलीत फक्त साल्तानातच्या किटलीतून चहा ओतल्याचा आवाज येत होता, आणि तो वाटी भरल्यावरही थांबला नाही.

"केरिमने मला कोटात गुंडाळून आणून दिला," झुराकान म्हणाली. "कोणाचा ते सांगितलं नाही. मी विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं."

आणि तिने कर्णफुलांची डबी मिटली.

जावांपैकी एकीने काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि दुसरीने तिच्या मांडीवर हात ठेवला. बुरुल उठली, साल्तानातपाशी गेली, आणि तिच्या हातातली किटली काढून घेतली. चहा साल्तानातच्या पायावर सांडला होता. तिला तो भाजल्याचं कळलेलं दिसत नव्हतं. ती झुराकानच्या हातातल्या कागदाकडे बघत होती. ती हुशार मुलगी, तीही माझ्याच हाताखाली शिकलेली. उलटा दिसणारा कागदसुद्धा तिला वाचता येत होता. तिने निळ्या रुमालाचं टोक तोंडावर घेतलं. बुरुल तिला चिकटून उभी राहिली, डोकं तिच्या दंडाला लावून.

असानालींच्या डोळ्यांवर पडदा आला होता, त्यांना कागद दिसत नव्हता. त्यांना एवढंच कळत होतं की काहीतरी मोडलं आहे. "काय लिहिलंय त्यात?" ते म्हणाले. मग पुन्हा, आवाज चढवून. मग हळू, एखाद्या मुलाने विचारावं तसं. मी पुढे झालो, कारण मला वाटलं आता तरी हे मोठ्या माणसाचं काम आहे.

पण बुरुल माझ्या आधी दाराशी गेली होती. तिने आजोबांचे नमद्याचे बूट उचलले, वरचं बर्फ झटकलं, दोन्ही बूट त्यांच्या पायांपुढे सरळ ठेवले, आणि त्यांचा हात धरून, अंगणात कुबातपाशी जायला, त्यांना उठवलं.